लाटणे, घमेले आणि कांदा

महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या राजकारणाचा विषय निघाला की लाटणे मोर्चाची आठवण हमखास निघते. निघते, पण बहुधा गमतीने. लाटणे हे बायकोचे हत्यार म्हणून व्यंगचित्रांत आणि फार्सांत आधीच रूढ झालेले होते. १९७२ ते १९७५ या काळात ते हजारो बायकांच्या हातात मुंबईच्या रस्त्यावर दिसले, वर्तमानपत्रांना हवे तसे छायाचित्र मिळाले, आणि त्या बायका नेमके काय मागत होत्या हे त्या छायाचित्रामागे झाकले गेले. पन्नास वर्षांनी लाटणे लोकांच्या लक्षात आहे, मागणी नाही.

मी इतिहासाची पदवीधर नाही. वाणिज्य शाखेत शिकले आणि उमेदीची वर्षे हिशेबाच्या कामात घालवली. त्यामुळे ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळताना माझे लक्ष भाषणांपेक्षा आकड्यांकडे जाते: कोणत्या जिनसेचा भाव, कोणाच्या हातात किती मजुरी, कोणता भत्ता केव्हा गोठवला. या सवयीमुळे एक गोष्ट दिसत गेली, तीच या लेखात मांडायची आहे. १९७० नंतरच्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या बायका तीन वेळा मोठ्या संख्येने भाव आणि मजुरी यांच्या प्रश्नावर घराबाहेर पडल्या. पहिल्यांदा शहरातली ग्राहक म्हणून, दुसऱ्यांदा दुष्काळी कामावरची मजूर म्हणून, तिसऱ्यांदा शेतकरी म्हणून. तिघींच्या मागण्या वरवर पाहता एकमेकींच्या आड येणाऱ्या होत्या. पण तिघींनी आपली ओळख स्वतः ठरवली होती. आज सरकारी कागदांत स्त्रीसाठी जो शब्द सर्रास दिसतो, 'लाभार्थी', तो कोणी ठरवला, हा प्रश्न या तिघींकडे पाहिल्याशिवाय नीट विचारता येत नाही.

१९७२ची मुंबई

प्रथम परिस्थिती पाहू. १९७१च्या युद्धापूर्वी सुमारे एक कोटी निर्वासित देशात आले होते. त्यांचा आणि युद्धाचा खर्च तिजोरीवर पडला. १९७२चा पावसाळा देशाच्या मोठ्या भागात कोरडा गेला आणि महाराष्ट्रात तर तो लागोपाठच्या अवर्षणांतला सर्वांत वाईट ठरला. एप्रिल १९७३मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्याकडे घेतला. बाजारातला गहू गायब झाला आणि पुढच्याच वर्षी हा निर्णय मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर १९७३नंतर अरब देशांनी खनिज तेलाचे भाव वाढवले आणि काही महिन्यांत ते जवळजवळ चौपट झाले. १९७३-७४मध्ये घाऊक भाववाढीचा दर सुमारे २० टक्के होता, १९७४-७५मध्ये सुमारे २५ टक्के. स्वातंत्र्यानंतर अशी भाववाढ देशाने पाहिली नव्हती.

हा आकडा मुंबईतल्या चाळीत कसा उतरत होता? यासाठी गिरण्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. १९२०-३०च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे सांधणी-गुंडाळणीची जी खाती बायकांची होती तिथे यंत्रे बदलली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, बाळंतपणाचा भत्ता देणे आले तसे मालकांनी बायका घेणेच कमी केले. १९७०च्या दशकात हे प्रमाण शंभरात जेमतेम काही जणींवर आले होते. म्हणजे गिरणगावातली बाई एका पिढीत पगारदार कामगाराची कामगाराची बायको झाली. ती काम करतच होती. खानावळ चालवत होती, पापड लाटत होती, शिलाई करत होती. पण पगारपत्रकावर तिचे नाव उरले नव्हते. तिच्या हाती येणारा पैसा नवऱ्याचा, आणि त्याची झीज मात्र तिच्या डोळ्यांसमोर, वाण्याच्या दुकानात होत होती.

नवऱ्याला महागाई भत्ता होता. तो किंमत निर्देशांकाशी जोडलेला असे, म्हणजे भाव आधी चढत आणि भत्ता मागून येई. जुलै १९७४मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून वाढीव पगार पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा सक्तीच्या ठेवीत अडकवून ठेवला. चलनवाढ रोखण्याचा उपाय म्हणून अर्थशास्त्रात त्याचे समर्थन होईल. घरात त्याचा अर्थ एवढाच होता की भाव पूर्ण द्यायचा आणि भत्ता निम्मा घ्यायचा.

त्या काळातल्या घरखर्चाच्या काही वह्या मला पाहायला मिळाल्या. त्यात तक्रारीचे एक अक्षर नाही. पण महिन्याचे म्हणून एकदम भरले जाणारे गोडेतेल आधी आठवड्याचे होते आणि मग पावशेर-पावशेर करत रोजच्या खर्चात येते. रॉकेलपुढे कित्येकदा आकडाच नाही. मिळाले नाही, असा त्याचा अर्थ.

हिशेब मागणाऱ्या बायका

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. नावातला 'संयुक्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा एकमेकींच्या पक्षांशी निवडणुकीत लढणाऱ्या बायका एका व्यासपीठावर आल्या. या नवख्या नव्हत्या. अहिल्याबाई १९४०च्या दशकापासून परळच्या कामगार स्त्रियांत काम करत होत्या. मृणालताई गोरेगावातून १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आल्या होत्या, पाण्यासाठी केलेल्या लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जात होत्या, आणि १९७२मध्ये विधानसभेत पोचल्या होत्या.

मोर्चाला येणाऱ्या बहुसंख्य बायका मात्र कोणत्याच पक्षाच्या नव्हत्या. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, आणि दादर-गिरगाव-पार्ल्याच्या मध्यमवर्गी घरांतल्याही. या सगळ्यांना एकत्र बांधणारी वस्तू कोणती, असे मला विचाराल तर मी रेशन कार्ड हे उत्तर देईन. त्या वेळी गिरणी कामगार, कारकून आणि शिक्षक, तिघांच्याही घरी तेच कार्ड होते आणि तिघांच्याही बायका त्याच दुकानासमोर रांगेत उभ्या राहत. तासन् तास उभे राहण्यात ओळखी होत, माहितीची देवाणघेवाण होई. कोणत्या दुकानात साखर आली होती आणि कार्डधारकांना मिळण्याआधी ती कुठे गेली, हे रांगेतल्या बाईला पुरवठा अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असे.

आंदोलनाची साधने घरातली होती. लाटणे घेऊन मोर्चा, रिकामे हंडे घेऊन मोर्चा, ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवणे. थाळीनादाची कल्पना विशेष हुशारीची होती, कारण ज्या बाईला घराबाहेर पडायची मुभा नव्हती तिलाही खिडकीत उभे राहून भाग घेता येत होता. पण प्रतीकांच्या पुढे जाऊन या बायकांनी जे केले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्या दुकानांत आणि गोदामांत जाऊन साठा दाखवा म्हणत. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव घालून विचारत, शहरात तेल किती आले, कोटा किती सुटला, वाटप किती झाले. तेव्हाचे सचिवालय आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे मंत्रिमंडळ यांना अशा प्रश्नांची सवय नव्हती. भाव कमी करा, ही मागणी कोणीही करतो. आवक, साठा आणि वाटप यांचे आकडे जाहीर करा, ही मागणी वेगळी. ती हिशेबतपासनिसाची मागणी आहे.

नंदिता गांधी यांनी या आंदोलनावर १९९६ साली इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्यासह अनेक अभ्यासकांनी एक मुद्दा मांडला आहे की या आंदोलनाने स्त्रीला गृहिणी म्हणूनच पुढे आणले, घरातल्या तिच्या स्थानाला हात लावला नाही. हे खरे आहे. चूल कोणी सांभाळायची, हा प्रश्न लाटणे मोर्चाने विचारला नाही. पण माझे ज्या बायकांशी बोलणे झाले, आणि त्यांतल्या बहुतेक आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट वारंवार येते. स्वयंपाक त्या मोर्चाच्या आधी उरकून जात किंवा परत येऊन करत. त्यात बदल झाला नाही. पण भाव का वाढतो याचे कारण साहेबासमोर उभे राहून विचारल्यानंतर घरातही त्यांचा शब्द आधीसारखा उडवून लावला गेला नाही. हा बदल मोजता येत नाही. म्हणून तो नव्हताच असे म्हणता येणार नाही.

घमेल्याची बाई

मुंबईत थाळ्या वाजत होत्या त्याच काळात राज्याच्या दुष्काळी तालुक्यांत लाखो बायका खडी फोडत होत्या. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्यांत बायकांचा वाटा फार मोठा होता. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. पुरुषाने खोदायचे, बाईने घमेले उचलायचे, आणि संध्याकाळी मोजमाप होऊन मजुरी ठरायची. त्या वर्षाची आठवण सांगणाऱ्या कोणत्याही म्हातारीच्या तोंडी दोन शब्द येतातच: सुकडी आणि मिलो. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळे आणि तिची भाकरी धड थापली जात नसे.

ही बाईसुद्धा महागाईचीच बळी होती, पण तिचा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होत होता. मुंबईच्या बाईकडे पगार येत होता आणि माल मिळत नव्हता. हिच्याकडे मजुरीच नव्हती, मग माल कितीला हा प्रश्न नंतरचा. तिच्या मागण्या अशा होत्या: काम चालत जाण्याच्या अंतरावर हवे, मोजमाप खरे हवे, मजुरी बाजाराच्या दिवसाआधी हातात पडायला हवी, तान्ह्या पोराला सावली हवी. कोरडवाहू महाराष्ट्रात डाव्या पक्षांनी, शेतमजूर संघटनांनी मोठे मोर्चे काढले आणि त्यांत बायका पुढे होत्या. धुळे जिल्ह्यातल्या शहादा भागात १९७२ साली सुरू झालेल्या श्रमिक संघटनेत तर भिल्ल बायकांनी मजुरीच्या लढ्याबरोबर दारूचे गुत्ते फोडायला सुरुवात केली. मजुरी मिळूनही ती घरी पोचत नसेल तर लढा अपुरा राहतो, हे त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून ओळखले नव्हते.

यातून जे निघाले ते कायद्याच्या पुस्तकात आहे. वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या विसापूर गावात रोजगार हमीचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. १९७२मध्ये तो राज्याची योजना झाला, १९७७मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. दर कामाच्या मापावर, म्हणून बाई आणि पुरुष यांना एकच. अंमलबजावणीत पुष्कळ भोके होती. तरीही काम हा हक्क आहे आणि तो सरकारकडे मागता येतो, ही गोष्ट देशात प्रथम महाराष्ट्राने लिहून दिली, आणि ती कामावर सतत गर्दी करणाऱ्या बायकांमुळे टिकली.

हिशेबाची एक नोंद इथे महत्त्वाची आहे. रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला राज्याने १९७५मध्ये व्यवसाय कर लावला. तो मुख्यतः शहरातल्या पगारदारांकडून कापला जाई. म्हणजे लाटणे घेतलेल्या बाईच्या घरातून दरमहा काही रुपये घमेले उचलणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी जात होते. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. त्यांचा व्यवहार मात्र सरकारी खात्यातून चालू होता.

मागणी मान्य, मागणाऱ्या तुरुंगात

जून १९७५मध्ये आणीबाणी आली. प्रमिला दंडवते आणि अहिल्या रांगणेकर येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. मृणाल गोरे काही महिने भूमिगत राहिल्या, मग त्यांनाही अटक झाली. मोर्चे बंद झाले.

आता पुढची गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. १ जुलै १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्याची सुरुवातच जीवनावश्यक वस्तूंच्या भावांपासून होती. दुकानदारांना भाव आणि साठा यांचे फलक लावायला लावले, साठेबाजांवर छापे पडले. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला, सरकारने आधीपासून पैशाचा पुरवठा आवळला होता, आणि १९७५-७६मध्ये घाऊक भाव वाढण्याऐवजी किंचित उतरले. तीन वर्षे बायका जे फलक मागत होत्या ते दुकानांवर लागले, पण ते मागणाऱ्या गजाआड होत्या. फलकावरचा आकडा खरा की खोटा, हे गोदामात शिरून तपासण्याचा मार्ग बंद झाला. सरकारने मागणीतला भाव घेतला आणि तपासण्याचा अधिकार वगळला. माझ्या मते आंदोलनाचा खरा पराभव इथे झाला. आणि भाव उतरल्यामुळे तो पराभव म्हणून कोणाच्या लक्षातही आला नाही.

१९७७च्या निवडणुकीत मृणालताई उत्तर मुंबईतून आणि अहिल्याबाई उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेल्या. पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, ही घोषणा त्याच वेळची. १९८०मध्ये प्रमिलाताईही लोकसभेत पोचल्या. एका महिला आंदोलनातून इतक्या थोड्या काळात तीन खासदार होणे ही साधी गोष्ट नव्हे. पण समिती पुन्हा तशी उभी राहिली नाही. तिच्या घटक पक्षांतल्या बायका आता कोणी सत्ताधारी आघाडीत होत्या, कोणी विरोधात. 'संयुक्त' राहणे अवघड झाले. मधल्या काळात १९७४च्या अखेरीस पूर्ण झालेल्या, स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या केंद्रीय समितीच्या अहवालाने आणि १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाने नवे प्रश्न समोर आणले होते. ऑक्टोबर १९७५मध्ये, आणीबाणी असतानाही, पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. १९७९-८०मध्ये मथुरा प्रकरणाच्या निकालाने देशभर संताप उसळला, हुंडाबळींचा प्रश्न पुढे आला. स्त्री चळवळ अत्याचाराच्या प्रश्नाकडे वळली, आणि ते आवश्यकच होते. भावाचा प्रश्न मात्र पक्षांच्या हाती परत गेला.

काही बायकांनी दुसरी वाट काढली. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे काम. मुंबई ग्राहक पंचायतही त्याच वर्षी सुरू झाली आणि शेजारच्या घरांनी मिळून घाऊक माल आणायची पद्धत तिने बसवली. मोर्चातून जे साधत नव्हते ते संस्थेतून साधण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो टिकला.

कांद्याची दुसरी बाजू

जानेवारी १९८०च्या लोकसभा निवडणुकीत महाग झालेला कांदा हा प्रचाराचा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात शेतकरी कांद्याला आणि उसाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर बसले. एकाच वर्षात एकच कांदा दोन टोकांना दोन तक्रारी घेऊन उभा होता. शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून उभारलेल्या शेतकरी संघटनेने सांगितले की शहरातला स्वस्त भाव हा शेतकऱ्याच्या घरातून उचललेला पैसा आहे.

या मांडणीत बाई कुठे होती? सुरुवातीला रस्ता रोको करणाऱ्या गर्दीत. पण ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेने महिलांचे अधिवेशन भरवले तेव्हा लाखाहून अधिक बायका तिथे आल्या. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल असलेले ते छोटे गाव. तिथे डोक्यावर पदर घेतलेल्या, भाकरी बांधून आलेल्या बायका दोन दिवस बसून होत्या. शेतीची निम्म्याहून अधिक कामे बाई करते, तिला मजुरी नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, आणि मालाला भाव नसेल तर घरात सर्वांत आधी तिचेच पोट आवळले जाते, हे तिथे उघडपणे बोलले गेले.

याचा पुढचा टप्पा मला फार मोलाचा वाटतो. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात संघटनेने शेतकऱ्यांना सांगितले की जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा. शहरातल्या चळवळीने घराच्या आतल्या मालकीला हात लावला नव्हता. भावासाठी सुरू झालेली ही खेड्यातली चळवळ थेट सातबाऱ्यापर्यंत गेली. १९८९मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात सर्व जागांवर बायका उभ्या करून ग्रामपंचायती जिंकल्या गेल्या. घटनादुरुस्तीचे आरक्षण तेव्हा अजून यायचे होते.

मग लाटणेवाली आणि कांदेवाली एकमेकींच्या विरोधात होत्या का? भावाच्या एकाच आकड्याकडे पाहिले तर होत्या. एकीला तो उतरायला हवा होता, दुसरीला चढायला. पण दोघींचे प्रश्न एका कागदावर लिहून पाहा. शहरातली विचारते, मी इतके दिले ते गेले कुठे? शेतातली विचारते, मला इतकेच मिळाले, बाकीचे कुठे गेले? दोघी एकाच खात्यातली गाळलेली रक्कम शोधत होत्या. साठा, दलाली, वाहतूक, सरकारी खरेदीचे धोरण, आयात-निर्यातीच्या परवानग्या, हे सगळे त्या दोन आकड्यांच्या मध्ये होते. दोघींना एका सभेत बसवणारे राजकारण मात्र मोठ्या प्रमाणावर उभे राहिले नाही. शहरी डाव्या आणि समाजवादी पक्षांना शेतमालाचा भाव हा बागायतदारांचा प्रश्न वाटे, आणि शेतकरी संघटनेला रेशन ही शहरी लूट वाटे. ही फूट बायकांनी पाडलेली नव्हती.

रांग तुटली

१९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईचा कामगार मोडला. १९९१नंतर अर्थव्यवस्थेची दिशाच बदलली. खाद्यतेल बाहेरून मोकळेपणे येऊ लागले, टंचाई हा शब्द मागे पडला, दुकानात माल दिसू लागला. १९७२च्या अर्थाने 'माल कुठे आहे' हा प्रश्न संपला. 'परवडतो का' हा उरला, आणि तो ज्याचा त्याचा झाला.

यात एक प्रशासकीय निर्णय मला निर्णायक वाटतो, आणि त्याची चर्चा स्त्री चळवळीच्या इतिहासात क्वचितच होते. १९९७मध्ये केंद्राने रेशनव्यवस्था सर्वांसाठी न ठेवता दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे अशी विभागली. महाराष्ट्रात १९९९पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आली. शिक्षकाची बायको पांढऱ्या कार्डाने रांगेतून बाहेर गेली. केशरी कार्डवाली कुरकुरत राहिली. पिवळ्या कार्डासाठी बायका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या, हिला कसे मिळाले आणि मला कसे नाही. ज्या रांगेत संयुक्त समिती घडली होती ती रांग तुटली. गरजूंनाच मदत पोचावी हा हेतू वाईट नव्हता. पण सर्वांचा प्रश्न एकदा गरिबांचा प्रश्न झाला की त्यासाठी थाळी वाजवणारे हात कमी होतात.

दुसरीकडे बायकांचा सार्वजनिक जीवनातला वावर वाढतच गेला, हेही तितकेच खरे. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. १९९४मध्ये राज्याने महिला धोरण आणले आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा देणारी दुरुस्ती केली. बचत गटांचे जाळे गावोगाव पसरले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. बाई सरपंच झाली, गटाची अध्यक्ष झाली, कार्डाची प्रमुख झाली. मात्र तेलाचा भाव ग्रामपंचायतीच्या विषयपत्रिकेवर येत नाही, कांद्याची निर्यातबंदी बचत गटाच्या बैठकीत ठरत नाही. जिथे बायकांना जागा मिळाल्या तिथून भावाचा निर्णय दूर होता, आणि जिथे निर्णय होत होता तिथे त्यांची संख्या कमीच राहिली.

लाभार्थी

जुलै २०२४पासून महाराष्ट्रात 'माझी लाडकी बहीण' योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या बायकांना दरमहा १,५०० रुपये थेट बँक खात्यात. दोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत ती पोचली. या रकमेला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणाला न विचारता वापरता येणारे दीड हजार रुपये म्हणजे काय, हे ज्या बाईने औषधासाठी नवऱ्याकडे हात पसरला आहे तिलाच कळते. गिरणगावातल्या १९७२च्या बाईकडे हे नव्हते.

पण हिशेबाच्या सवयीने दोन प्रश्न पडतात. एक, ही रक्कम निर्देशांकाशी जोडलेली नाही. गिरणी कामगाराचा महागाई भत्ता उशिरा का होईना, भावाच्या मागे चालत असे. इथे भाव चढत जाईल तसे दीड हजार आपोआप लहान होत जातील आणि त्यात वाढ करायची की नाही हे देणारा ठरवील. दुसरा प्रश्न मागण्याच्या पद्धतीचा. ही रक्कम एकेकीच्या खात्यात येते, एकेकीच्या मोबाइलवर संदेश येतो. अर्ज बाद झाला तर तोही एकेकीचाच. तिला उभे राहायला रांग नाही, आणि शेजारणीला सांगायला कारण नाही. ग्राहक, मजूर, शेतकरी हे शब्द घेऊन बायका सरकारकडे गेल्या होत्या. बहीण हा शब्द सरकार घेऊन आले. नाते गोड आहे, पण नात्यात हिशेब विचारत नाहीत, अशी आपल्याकडे रीत आहे.

बहिणीनेही हिशेब विचारायला हरकत नाही. त्यासाठी आधी कोणी विचारला होता, कसा विचारला होता, हे ठाऊक असायला हवे, आणि ते सांगणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. पुढाऱ्यांची चरित्रे झाली. मोर्चात चालणाऱ्यांची नावे कुठे नाहीत. त्यांचा लेखी पुरावा म्हणजे घरखर्चाच्या वह्या, जुनी रेशन कार्डे, दुष्काळी कामाचे जपून ठेवलेले एखादे हजेरीचे चिठोरे, चांदवडला जाताना काढलेले एसटीचे तिकीट. दिवाळीच्या साफसफाईत असे कागद माळ्यावरून खाली येतात आणि रद्दीत जातात. या वर्षी ते देण्याआधी एकदा उघडून पाहावेत, आणि घरात आजी असेल तर तिला त्या आकड्यांविषयी विचारावे. तेल आठवड्याचे कधी झाले, ते तिला अजून सांगता येईल.